चांदीपुरा विषाणू : रचना, पुनरुत्पादन आणि कारणांची साखळी

नागपूर हे नाव उच्चारताच आपल्यासमोर दीक्षाभूमी उभी राहते आणि १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाचे स्मरण होते. विषाणुशास्त्राच्या ग्रंथांतही नागपूरचा उल्लेख आढळतो, परंतु तो निराळ्या कारणाने. १९६५ साली त्या परिसरात तापाची साथ पसरली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी दोन रुग्णांच्या रक्तनमुन्यांतून एक अपरिचित विषाणू वेगळा केला. १९६७ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि नागपूरजवळच्या चांदीपुरा या ठिकाणाचे नाव त्या विषाणूला कायमचे चिकटले. १९५२ साली स्थापन झालेले ते केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू संस्था या नावाने ओळखले जाते.

पुढे जवळजवळ चार दशके या विषाणूकडे कोणी फारसे गांभीर्याने पाहिले नाही. २००३ च्या पावसाळ्यात मात्र आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ बालके आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. तपासाअंती बोट चांदीपुरा विषाणूकडे गेले. २००४ मध्ये पूर्व गुजरातेत आणि २००७ मध्ये नागपूर विभागात त्याने पुन्हा बालकांनाच गाठले. २०२४ च्या जून ते ऑगस्ट या काळात, प्रामुख्याने गुजरातेत, तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले व ८२ मृत्यू झाले. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणूच असल्याचे सिद्ध झाले. या रोगावर आजही लस नाही आणि खास औषधही नाही.

विषाणूंची रचना कशी असते आणि यजमान पेशीत त्यांची संख्या कशी वाढते, हा प्रश्न आपल्याला पाठ्यपुस्तकात भेटतो. तो समजून घेण्यासाठी परदेशातले उदाहरण शोधण्याची गरज नाही. आपल्याच राज्यात सापडलेला आणि आपल्याच वयाच्या मुलांना ग्रासणारा हा विषाणू त्यासाठी पुरेसा आहे.

जिवाणू आणि विषाणू

या दोन शब्दांची गल्लत नेहमी होते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांचेच नाव सांगते. तो प्लेग जिवाणूमुळे होतो. जिवाणू ही एक स्वतंत्र, परिपूर्ण पेशी असते. ती स्वतः अन्न घेते, ऊर्जा निर्माण करते आणि दुभंगून दोन होते.

विषाणू पेशी नसतो. तो अन्न घेत नाही, श्वसन करत नाही, दुभंगतही नाही. १८९२ साली रशियातील इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी त्या रसाने निरोगी पानांना रोग झालाच. १८९८ मध्ये बायरिंक यांनी दाखवून दिले की गाळणीतून निसटणारे हे तत्त्व केवळ जिवंत ऊतीतच वाढते. १९३५ साली स्टॅन्ली यांनी त्याचे मीठ-साखरेसारखे स्फटिक मिळवले. बाटलीत ठेवलेले हे स्फटिक निर्जीव पदार्थासारखे पडून राहत. पानावर चोळले की रोग पुन्हा सुरू होई. विषाणू सजीव की निर्जीव, या वादाचे मूळ येथे आहे. पेशीच्या बाहेर तो केवळ एक कण आहे. पेशीच्या आत तो एक घडामोड आहे.

पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके विषाणूवर का चालत नाहीत, हेही यावरून उमगते. ती औषधे जिवाणूची पेशीभित्तिका किंवा त्याची स्वतःची प्रथिननिर्मिती बंद पाडतात. विषाणूपाशी यांपैकी काहीच नसते.

बंदुकीच्या गोळीचा आकार

चांदीपुरा विषाणू ऱ्हॅब्डोव्हिरिडी या कुळातील आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून होणाऱ्या रेबीजचा विषाणूही याच कुळातला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो : एक टोक गोलाकार, दुसरे सपाट. लांबी सुमारे १५० ते १६५ नॅनोमीटर आणि रुंदी ५० ते ६० नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात; म्हणजे फूटपट्टीवरील दोन बारीक रेघांमधील अंतरात असे सुमारे सहा हजार कण एकापुढे एक मावतील.

या कणाच्या गाभ्यात आरएनएचा एकपदरी धागा असतो. तोच त्याचा वारसा. या धाग्यावर सुमारे अकरा हजार अक्षरे असतात. मानवाच्या एका जनुकसंचात अशी सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात, तर चांदीपुऱ्याचा सारा मजकूर आपण वाचत आहात तसल्या दोन-एक लेखांत मावेल. एवढ्या तुटपुंज्या मजकुरात केवळ पाच प्रथिनांची कृती लिहिलेली असते. त्यांना इंग्रजी अक्षरांवरून एन, पी, एम, जी आणि एल अशी नावे आहेत.

एन प्रथिनाचे रेणू आरएनएच्या धाग्याला ओळीने बिलगून त्याला झाकतात. हा झाकलेला धागा स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो. एल हे सर्वांत मोठे प्रथिन म्हणजे आरएनएची नक्कल करणारे विकर. पी हे त्याचे साहाय्यक. एम प्रथिनाचा थर गुंडाळीला आवळून धरतो आणि कणाला गोळीचा आकार देतो. सर्वांत बाहेर मेदाचे पातळ आवरण असते. त्यातून जी प्रथिनाचे काटे बाहेर डोकावतात. हे आवरण विषाणूने बनवलेले नसते. मागच्या पेशीतून बाहेर पडताना तिच्याच पटलाचा तुकडा पांघरून तो निघालेला असतो.

पेशीत प्रवेश

पेशीच्या पृष्ठभागावर तिच्या नित्याच्या कामांसाठी असंख्य रेणू असतात. जी प्रथिनाचे काटे त्यांपैकी काहींना चिकटतात. पेशी त्या कणाला बाहेरून आलेला उपयुक्त पदार्थ समजते, आपले पटल आत दुमडते आणि कणाला एका पिशवीत घेऊन आत ओढते. अशा पिशवीतील द्रव हळूहळू आम्लधर्मी होत जातो. एरवी आतील पदार्थाचे पचन व्हावे म्हणून पेशीने केलेली ती सोय असते. परंतु आम्लता वाढताच जी प्रथिनाचा आकार पालटतो, त्याचा दडलेला भाग पिशवीच्या पटलात रुततो आणि विषाणूचे आवरण त्या पटलाशी एकजीव होते. त्याबरोबर आतली गुंडाळी पेशीद्रवात मोकळी होते. जी व्यवस्था त्याला पचवण्यासाठी होती, तिनेच त्याला दार उघडून दिलेले असते.

उलट्या अक्षरांचा शिक्का

यापुढील अडचण समजण्यासाठी प्रतिलेखन आणि भाषांतरण या दोन संज्ञा आठवाव्या लागतील. आपल्या पेशीत डीएनएवरून मेसेंजर आरएनए तयार होतो, ते प्रतिलेखन. त्या संदेशानुसार रायबोसोमवर प्रथिन तयार होते, ते भाषांतरण.

काही विषाणूंचा आरएनए थेट वाचता येण्याजोगा असतो. पोलिओचा विषाणू तसा आहे आणि २०२० साली ज्याच्यामुळे गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन संकुलात जम्बो कोविड केंद्र उभारावे लागले, तो कोरोना विषाणूही तसाच. त्यांचा धागा रायबोसोमच्या हाती पडताच प्रथिननिर्मिती सुरू होते. त्याला धन आरएनए म्हणतात.

चांदीपुऱ्याचा आरएनए मात्र ऋण आहे. शाळेच्या कार्यालयातील रबरी शिक्का पाहा. त्यावरील अक्षरे उलटी असतात. ती वाचण्यासाठी आधी कागदावर ठसा उमटवावा लागतो. ऋण आरएनए हा असा शिक्का आहे. रायबोसोमला तो वाचता येत नाही. आधी त्याची पूरक प्रत निघाली पाहिजे. परंतु आरएनएवरून आरएनएची अशी प्रत काढणारे विकर आपल्या पेशीत विषाणूच्या उपयोगाला येईल असे नसतेच. म्हणून हा विषाणू एल आणि पी ही प्रथिने घडवलेल्या स्थितीत कणासोबतच घेऊन येतो. त्याचा नुसता आरएनए पेशीत सोडला तर काहीच घडत नाही. पोलिओचा नुसता आरएनए सोडला, तरी नवे विषाणू निर्माण होतात. एकाच वर्णनात बसणारे दोन विषाणू किती भिन्न मार्गांनी चालतात, ते येथे दिसते.

थोड्या अक्षरांतले व्यवस्थापन

चांदीपुऱ्याच्या धाग्यावर पाच जनुके एन, पी, एम, जी, एल याच क्रमाने असतात. एल विकर नेहमी एन जनुकाच्या टोकाकडूनच कामाला लागते. एका जनुकाची प्रत पूर्ण झाली की ते थबकते. तेथून काही वेळा ते पुढच्या जनुकाकडे सरकते, तर काही वेळा धाग्यावरून सुटते. सुटलेल्या विकराला पुन्हा पहिल्या टोकापासूनच आरंभ करावा लागतो. परिणामी एनच्या प्रती सर्वाधिक निघतात, पुढे त्या घटत जातात आणि एलच्या सर्वांत कमी निघतात. विषाणूची गरजही अशीच असते. धागा झाकण्यासाठी एनचे रेणू मोठ्या संख्येने लागतात. एल हे विकर असल्याने थोडके पुरते. कोणते प्रथिन किती बनवावे, याची निराळी सूचना कोठेही लिहिलेली नाही. जनुकांच्या क्रमातूनच ते साधते.

आरंभी अशा सुट्या प्रती निघतात. पेशीचे रायबोसोम त्या वाचून विषाणूची प्रथिने बनवू लागतात. एन प्रथिन पुरेसे साठले की कामाचे स्वरूप बदलते. नव्याने निघणारा आरएनए तयार होता होताच एनने झाकला जातो आणि विकर जनुकांच्या सीमांवर न थांबता संपूर्ण धाग्याची अखंड प्रत काढते. ही प्रत धन असते. तिच्यावरून पुन्हा ऋण प्रती निघतात. त्याच नव्या विषाणूंचा वारसा ठरतात. म्हणजे शिक्क्यावरून ठसा आणि ठशावरून पुन्हा शिक्के. हे सारे पेशीद्रवात घडते. केंद्रकात जाण्याची गरज भासत नाही.

दरम्यान एम प्रथिन पेशीच्या स्वतःच्या जनुकांचे काम दडपते, त्यामुळे तिची सामग्री विषाणूच्या कामी येते. अखेरीस एम प्रथिन नव्या धाग्यांना गुंडाळून पेशीपटलापाशी आणते. तेथे जी प्रथिनाचे काटे आधीच रोवलेले असतात. पटल बाहेर फुगते, कणाभोवती मिटते आणि नवा विषाणू सुटतो. काही तासांत एका पेशीतून असे असंख्य कण बाहेर पडतात आणि पेशी मरते. त्वचेची पेशी मेली तर शरीर नवी बनवते. मेंदूतील चेतापेशी मेली तर ती हानी सहसा भरून येत नाही. म्हणूनच सकाळी खेळणारे मूल अचानक तीव्र ताप, उलट्या, झटके आणि बेशुद्धी या क्रमाने खालावते आणि कित्येकदा एक-दोन दिवसांतच दगावते.

या नक्कलकामात तपासनीस नसतो. साधारणतः दहा हजार ते लाखभर अक्षरांमागे एक चूक होते आणि ती तशीच राहते. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात, काही निरर्थक असतात, तर एखादी त्याला नव्या परिस्थितीत तगण्याची संधी देते. विषाणू सतत बदलतात ते कोणत्याही हेतूने नव्हे, या चुकांमुळे.

साखळी कोठे तुटते

विषाणू स्वयंभू नाही. यजमान पेशी नसेल तर रायबोसोम नाही. रायबोसोम नसेल तर प्रथिन नाही. प्रथिन नसेल तर नवा कण नाही. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या आधाराने उत्पन्न होते आणि तो आधार काढला की तीही मावळते. आपल्या वंदनागृहात प्रतीत्यसमुत्पादाचे जे विवेचन होते, त्याचे एक उदाहरण येथे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. तथागतांनी दुःखाचे कारण शोधण्यास सांगितले, ते कारण दूर करता यावे म्हणून. रोगाचा अभ्यासही त्याचसाठी करायचा असतो.

चांदीपुऱ्याच्या साखळीतील पेशीबाहेरचा मुख्य दुवा म्हणजे वाळूमाशी, जिला सँडफ्लाय म्हणतात. ती डासाहून पुष्कळच लहान, अवघी दोन-तीन मिलिमीटरची असते. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आत शिरू शकते. दिवसा ती मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत दडते, संध्याकाळी व रात्री चावते. शेण-पालापाचोळा मिसळलेल्या ओलसर मातीत ती अंडी घालते. यावरून हा रोग कोणाच्या घरी पोचतो, हे सांगण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. जी प्रथिन कोणाचीही जात विचारत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरील रेणू सर्व मानवांत तेच आहेत. पण भिंतीतील भेग मात्र सर्वांच्या घरी नसते. भेगा लिंपणे, शेणाचा ढीग घरापासून दूर नेणे, जमिनीवर न झोपणे, मुलांना अंगभर कपडे घालणे, बारीक छिद्रांची मच्छरदाणी वापरणे आणि गावात कीटकनाशक फवारणीची मागणी करणे, हे सारे उपाय विषाणूला न पाहता त्याची साखळी तोडतात.

रचनेचे ज्ञान इतरत्रही उपयोगी पडते. कोरोनाचे आवरण मेदाचे होते, म्हणून साबणाने ते विरघळे. पोलिओच्या विषाणूला असे आवरण नसते, म्हणून तो पोटातील आम्लातही टिकतो आणि दूषित पाण्यातून पसरतो. गोवराचा विषाणू चांदीपुऱ्याप्रमाणेच ऋण आरएनएचा आहे. पण त्याच्यावर परिणामकारक लस आहे. तरीही २०२२ साली मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराची साथ येऊन बालके दगावली. जेथे शास्त्राने दुवा तोडून दिला आहे, तेथे लस न घेणे म्हणजे तो दुवा पुन्हा जोडणे होय.

देवी, कोप आणि तास

आपल्या भाषेत एका विषाणुजन्य रोगाचे नावच ‘देवी’ असे आहे. तो रोग म्हणजे दैवी कोप मानला जाई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतातील ती पहिली लस. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नष्ट झाल्याचे घोषित केले. कोप शमला नाही, साखळी तुटली.

तथापि झटके येणाऱ्या मुलाला आधी देवऋषीकडे नेण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. चांदीपुऱ्याच्या बाबतीत ती विशेष घातक आहे. या रोगावर खास औषध नसले तरी रुग्णालयात ताप उतरवणे, झटके थांबवणे, मेंदूची सूज कमी करणे आणि श्वासाला आधार देणे शक्य असते. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूशी झुंजत असताना मुलाला तगवून धरणे हाच येथील उपचार आणि त्यासाठी हाताशी केवळ काही तास असतात. ते तास अंगारा लावण्यात गेले तर परत मिळत नाहीत.

आणखी एक सूचना रोग्याशी वागण्याविषयी. साथीत विलगीकरण आवश्यक ठरते, विशेषतः अनेक मुले एकत्र राहतात अशा वसतिगृहात. ते ठरावीक दिवसांचे असते, रोगाच्या स्वरूपावर ठरते आणि रोग बरा होताच संपते. जन्मावरून माणसाला कायमचे दूर ठेवणाऱ्या अस्पृश्यतेशी त्याचे काही नाते नाही आणि तसे नाते कोणी जोडू पाहील तर ते नाकारले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नव्या रोगांना गावांची वा समाजांची नावे देऊ नयेत असे सुचवले, त्यामागे हीच जाणीव आहे. चांदीपुऱ्याच्या लोकांनी विषाणू निर्माण केला नाही. तेथे तो केवळ प्रथम ओळखला गेला. आजारी भिक्खूकडे इतरांनी पाठ फिरवली असता तथागतांनी स्वतः त्याला स्नान घातले, ही कथा आपण जाणतो. विलगीकरणातील सोबत्याच्या दाराशी वेळेवर पोचवलेले जेवण हे त्याच शिकवणीचे आजचे रूप आहे.

विद्यार्थिमित्रहो, सुट्टीत आपल्यापैकी अनेकजण गावी जातात. तेथे मातीची भिंत दिसली तर तिच्या भेगा पाहा आणि घरच्यांना त्या का लिंपायच्या ते समजावून सांगा. ऐन पावसाळ्यात शेजारच्या मुलाला एकाएकी ताप येऊन झटके आले, तर त्याला तत्काळ रुग्णालयात नेण्याचा आग्रह धरा. चांदीपुऱ्यावरील लस अद्याप बनायची आहे. एल विकराला अडवणारे किंवा जी प्रथिनाचा आकारबदल रोखणारे औषधही शोधायचे आहे. पुण्याच्या संस्थेत आणि अन्यत्र हे काम चालू आहे आणि त्या प्रयोगशाळांना पुढील पिढीच्या संशोधकांची गरज भासणार आहे. ते संशोधक या शाळेच्या बाकांवरूनही जाऊ शकतात.